दोन गाठींमधलं अंतर

माले, १४ जुलै

प्रिय रत्नदीप,

सप्रेम जय भीम.

फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, म्हणून पत्र. हसू नकोस. जांबे गावातली आपली खोली ठेवायची की सोडायची ते रविवारी मालकांना सांगायचंय, हा तुझा निरोप मिळाला. महिनाभर मी माहेरी आहे, आणि नवऱ्याचा पहिला लांबलचक मेसेज आला तो खोलीमालकाबद्दल!

माझ्या प्रबंधाचं ऐक. अणू जवळजवळ असले की सगळे एका ठेक्यात उजेड टाकतात. सुटे असताना टाकतील त्याहून कितीतरी झगझगीत. मी धरून चालले, जितके जवळ तितका लखलखाट. सहा महिने त्यावरच गणित केलं. आमच्या नलिनी मॅडमनी वही चाळून एवढंच विचारलं, “शेजारी शेजाऱ्याला ओढतो, ते कुठे धरलंस?” धरलंच नव्हतं. फार खेटले की अणू एकमेकांचा सूर बिघडवतात, ठेका चुकतो, झोत मंदावतो. कधी तर दोघं नेमके उलटे चालतात आणि बाहेर जवळजवळ काहीच येत नाही.

लग्नानंतर खोली घेताना आपण हेच केलं ना? एक खोली, एक टेबल, तुझ्या मीटिंगा, माझी गणितं, कोपराला कोपर. जवळ राहायची केवढी हौस! मग तुझ्या आवाजावर मी चिडायची, माझ्या गप्प बसण्यावर तू. एक दिवस मी बॅग भरली आणि तू अडवलं नाहीस.

काल आईबरोबर भात लावायला उतरले. चारसूत्री पद्धतीच्या लावणीची दोरी असते, तिच्यावर मापाने गाठी. गाठीपाशी रोप लावायचं. घाईत मी मधेच दोन खुपसली. आई ओरडली, “अगं, लई दाटीनं लावलंस तर फुटवा येत न्हाई. आन् लई लांब लावलंस तर रान मोकळंच ऱ्हातंय. गाठ बघ की!” चिखलात उभ्या उभ्या मला रडू आलं. तिला वाटलं, कंबर भरली.

एक सांगायचं राहिलं. त्या उलट्या चालणाऱ्या जोडीतला उजेड विझलेला नसतो. तो दोघांतच अडकून राहतो, एकट्या अणूत टिकला असता त्याहून कितीतरी जास्त वेळ. हे गणित मी तीनदा तपासलंय. तुझी फार आठवण येते रे, मीटिंगमधल्या त्या खोट्या हसण्याचीसुद्धा.

खोली सोडू नकोस. मी शनिवारी येतेय. तेवढं दुसरं एक टेबल आणून ठेव. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते मिळून बघू. आईची दोरी घेऊन येतेय.

तुझीच,
तृप्ती