बरो झालो

वालावल,
मार्गशीर्ष, १९५८

प्रिय हरी,

‘इकडे आम्ही सर्व बरे आहोत, तुमचे बरेपण कळवावे’ अशी ओळ पत्राच्या माथ्यावर घालायची आपली रीत. शाळेत मास्तरांनी छड्या मारून घोटून घेतलेली. या खेपेस ती मी मुद्दाम गाळली आहे, विसरलेलो नाही. त्या ‘बरे’नेच माझं वाटोळं केलं, आता आणखी त्याला डोक्यावर कशाला बसवू? तुझं पत्र पोचलं. यंदाच्या शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत तू पहिला आलास हे वाचून आनंद झाला आणि पोटात जळलंही. दोन्ही खरं आहे. तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही, म्हणून सांगून टाकलं. मागे तू दोनदा लिहिलंस, मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल तू मला शिव्या घातल्यास. त्या पोचल्या.

गेल्या वर्षीची मुंबईतली आपली तयारी तुला आठवत असेलच. गंगाराम वस्तादांची व्यायामशाळा, भिजवलेले हरभरे, उकडलेली अंडी. भात बंद, गोड बंद, शेवटच्या आठवड्यात मीठही बंद, आणि आदल्या दिवशी तर पाण्याची नुसती चूळ भरून टाकायची. खानावळीतली बाई आपल्याला विचारायची, घरात कोणी गेलंय का, की सुतक पाळताय. मग अंगाला तेल चोपडून दिव्यांच्या झोतात उभे राहिलो आणि माझ्या गळ्यात पदक पडलं. मंडपातून बाहेर पडताना वस्ताद म्हणाले होते की हे शरीर आजच्यापुरतं. उद्यापासून माणसासारखं जेवा आणि रोज थोडी मेहनत करा, पण रोज. तू त्यांचं ऐकलंस. खानावळीत जाऊन मटण-भात असा हाणलास की वाढपी तुझ्याकडे बघत उभा राहिला. मी मात्र भाताची मूद ताटाच्या कडेला सारली आणि नुसतं मटण खाल्लं. तू म्हणालास, शहाणपणा पुरे. मला शहाणपणा कसला सुचतोय, मला भीती वाटत होती. एक घास भात पोटात गेला की एवढं कमावलेलं सगळं, पाण्यात मिठाचा खडा विरघळावा तसं विरघळून जाईल असं वाटायचं. स्पर्धा संपली होती, पण माझी संपेना. पुढे कित्येक महिने मी तसाच जेवत राहिलो, किंवा न जेवत राहिलो म्हण.

त्यात हौसेनं फोटो घरी पाठवला. लंगोट लावलेला, दंड फुगवलेले, फासळ्या आणि शिरा अशा वर आलेल्या की लांबून मोजाव्यात. सीतानं आयेला पत्र वाचून दाखवलं. तुला माहीत आहे, सीता माझी थोरली बहीण, इथेच पलीकडच्या वाडीत दिलेली. पत्रात मी पदकाबद्दल लांबलचक लिहिलं होतं. पण आये अक्षरओळखीची नव्हे. तिनं पत्र नुसतं ऐकलं आणि फोटो बघितला. आता तूच सांग, आपल्याकडे मुंबईहून फासळ्या दाखवत माणूस परत येतो तेव्हा त्याला क्षयाशिवाय दुसरं काय झालेलं असतं? गावात असे किती आले आणि वर्ष न काढता गेले. आमचा बाबा त्यातलाच. आयेनं फोटो पदरात गुंडाळला आणि थेट लक्ष्मी-नारायणाच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून घेतलं. माझो झील बरो होवंदे, तवसर मी भात तोंडाक लावचंय नाय. देवळात होते नव्हते त्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ दिली, म्हणजे मुलगा बरा होईपर्यंत भात नाही, हा नवस पक्का झाला.

मला याचा पत्ता नाही. चैत्रात मी बोटीनं आलो. मालवणला पडावातून उतरतानाच बंदरावरच्या बायका बोलल्या, मेल्या सुकलंस किती, मुंबयत जेवक गावणा नाय काय रे? मी मनात म्हटलं, या अडाण्यांना काय कळतंय. घरी आये दारातच उभी होती. तिनं माझं मनगट आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरून बघितलं, बोटं भिडली की नाही ते, आणि चुलीशी गेली. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं, सोलकढी, वाफाळणारा उकडा भात. मी बांगडे खाल्ले, भात सारला. आये माझ्यासमोर नाचणीची भाकरी घेऊन बसली. असं चार-पाच दिवस चाललं. मायलेक दोघं समोरासमोर बसलेले आणि मधे भाताचं टोप, कोणी शिवत नाही. शेवटी सीतानं मला पाटल्यादारी, घराच्या मागे, गाठून सगळं सांगितलं. वर म्हणाली, तुझ्या पदकाला आग लाव.

मग मी जेवायला बसलो. तुला वाटेल एवढी सोपी गोष्ट, जेवला भात आणि सुटला. पण पहिला घास गेला आणि हरी, मला थांबताच येईना. इतक्या महिन्यांची भूक कुठे दबा धरून बसली होती कोण जाणे. पोट भरलं तरी हात थांबत नाही. सकाळची पेज, दुपारचा भात, तिन्हीसांजेला उरलेला थंड भात, फणस, काजूचे गर, घावणे, समोर येईल ते. महिन्याभरात पायांवर सूज आली, तोंड फुगलं, सदऱ्याची बटणं लागेनात. आरशात बघायचं मी सोडून दिलं. आणि गाव खूश! वाटेत भेटेल तो माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचा, गुरुदास, बरो झालंस मां! माणूस फुगला तर बरो झालो, आजारातून उठला तरी बरो झालो. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द का ठेवला असेल रे?

मेहनतही करून बघितली. इथे कुठली व्यायामशाळा. मागच्या खळ्यात चिऱ्याचे दोन दगड आणून ठेवले, जोर-बैठका सुरू केल्या. वस्ताद म्हणाले होते, रोज थोडं. मला ते थोडं जमेना. एक दिवस जीव जाईपर्यंत करायचो, कालच्या भाताचा सूड उगवल्यासारखं. मग चार दिवस अंग हलवायचो नाही. स्पर्धेच्या दिवसासाठी जगायला मी शिकलो होतो, साध्या बुधवारी काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही. शेजारचा धोंडू कुंपणावरून हसायचा, दगड उचलण्यापेक्षा शेणाच्या पाट्या उचल, शेताला तरी उपयोग. त्याचं काही चुकत नव्हतं. मी चिडून घरात जायचो आणि पुन्हा जेवायचो. मुंबईच्या गिरणीतून बोलावणं येईल म्हणून वाट बघितली, पण बदली कामगाराला कोण विचारतोय? तेही दार बंद झालं.

श्रावणात सीता आयेला म्हणाली, आता नवस फेड, भाऊ बरा झाला, सगळा गाव बोलतो. देवळातल्या गुरवानंही तेच सांगितलं. आये काही केल्या ऐकेना. माझ्या जेवणाकडे ती टक लावून बघायची हे मला ठाऊक होतं. पण मी जेवल्यावर पोफळीत जाऊन घशात बोटं घालतो, तेही तिनं बघितलं होतं हे ठाऊक नव्हतं. एकदा मी ताटावरून उठताना ती एवढंच बोलली, “जेवतंस रे, पण चोरासारखो जेवतंस.” साऱ्या गावाला बरा वाटलेला मी, आणि ज्या एका माणसानं मला बरा म्हणायला हवं होतं ती काही म्हणेना. आणि ती म्हणत नाही तोवर तिच्या पोटात भात जाणार नाही. तिच्यासाठी मला बरं व्हायचं होतं रे, मनापासून व्हायचं होतं. ते कसं व्हायचं तेच समजत नव्हतं.

गणपतीच्या आधी तिला ताप भरला. नाचणीची भाकरी तिला गिळवेना. कुडाळहून डॉक्टर आले, तपासून म्हणाले, अंगात ताकद नाही, पातळ पेज द्या, दर थोड्या वेळानं द्या. आपल्याकडे आजारी माणसाला दुसरं देतात काय? जन्मलेल्या पोरापासून मरणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना पेजच. पण पेज भाताचीच ना! तिनं तोंड फिरवलं. नाचणीची आंबील केली, ती पोटात ठरेना. सीतानं पाया पडून विनवलं, शेजाऱ्यांनी समजावलं, गुरव येऊन म्हणाला की देव रागावणार नाही, दोष माझ्यावर घेतो. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी पेजेची वाटी घेऊन तिच्या उशाशी बसलो. म्हटलं, आये, मी बरो आसंय, पेज घे गो. तिनं माझं मनगट धरलं, पूर्वीसारखंच, आता तिच्या बोटांत ते मावत नव्हतं. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “नाय रे बाबा.” रागावून नाही, मायेनंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पेजेची वाटी तशीच कोनाड्यात होती, वर साय धरलेली.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवले. भाताचेच, दुसरे कशाचे असणार. एरवी सीताच्या दारात उष्ट्यावर कावळ्यांची झुंबड असते. त्या दिवशी समोरच्या आंब्यावर एक येऊन बसला आणि हलेना. काका पुढे होऊन म्हणाले, ह्येचा लगीन आमी करतलंव. कावळा बसलेलाच. सीता म्हणाली, तुझ्या गायीला मी घेऊन जाते, भावाकडे बघते. बसलेलाच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले आणि परत तेच म्हटलं, आये, मी बरो आसंय. कावळ्यानं मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि उडून खाडीच्या पलीकडे गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी जेवायला गेले. मीही जेवलो. पोट भरून जेवलो, त्याची शरम तुला काय सांगू.

आता माझं काय चाललंय म्हणून विचारशील. चिरे खळ्यात पडलेत, त्यांच्यावर शेवाळ धरलं. कापणीला जातो, दमतो, येतो. कधी दिवसभर खात नाही, कधी टोप संपवतो. पदक सीताच्या पोरांनी खेळायला नेलं, मी मागितलं नाही. वस्तादांना माझा नमस्कार सांग, पण मी परत येईन असं काही सांगू नकोस. तू लिहितोस, पुन्हा तयारीला लाग, तुझा बांधा मोडलेला नाही. बांधा असेलही रे, आतला माणूस उरलेला नाही.

हे सगळं लिहून तुझ्या विजयावर विरजण घालायचं नव्हतं. लिहिलं नसतंही. पण गेल्या सोमवारी तुझी आई, नर्मदाकाकी, मालवणहून होडीनं खाडीतून माझ्याकडे आली होती. तू पाठवलेला फोटो पदरात गुंडाळलेला. तो माझ्यासमोर धरून म्हणाली, “तू ह्येचो सोबती. खरा सांग, माझो हरी बरो आसा मां?” मी तिला पदकाचं सांगितलं, वस्तादांचं सांगितलं, तू पहिला आलास म्हणजे काय ते सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग सीतानं पान मांडलं, माशाची कढी आणि भात. काकीनं भात हातानं बाजूला केला आणि हळूच विचारलं, भाकरी आसा काय गो. सीता उठून नाचणीची भाकरी थापायला बसली. तेव्हा हरी, बोटी सुरू झाल्या आहेत, मिळेल त्या पहिल्या बोटीनं निघ. पदक आणू नकोस. सदरा घालून ये, तिच्यासमोर बैस आणि जेव. चोरासारखा जेवू नकोस, तिला लगेच कळेल. मग कसं जेवायचं ते मी तुला सांगितलं असतं, पण मला ते येत नाही. तुला येत असलं तर एकदा इकडेही येऊन जा.

तुझाच,
गुरुदास