चाईच्या कंदाशी तू काय बोलायचीस

आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीतच संपली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मला एकच विचारायचं आहे. चाईचा कंद खणून काढला की तू त्याचं डोकं, म्हणजे वेलीकडचा तो जाड तुकडा, परत खड्ड्यात ठेवायचीस, माती लोटायचीस आणि वाकून काहीतरी पुटपुटायचीस. काय पुटपुटायचीस?

आत्ताच का विचारते, तर वाडीमागचा डोंगर पुन्हा आपल्या ठाकरांच्या हाती आला आहे. तू गेलीस तेव्हा बोडका होता. आता बायका पाळीपाळीनं राखण करतात, वणवा लागू देत नाहीत. रविवारी चाकणला, भोसरीला कामाला असलेल्या पोरी वर येतात, वेली ओळखायला शिकतात, आपली बोली शिकतात. शिकतात, आये! आपल्याच पोरी, अडखळत, इंग्रजी शिकावं तशा. तुझी नात त्यांची पुढारी. ती तळवड्याला कॉम्प्युटरवर काम करते. आधी कंपनीत कोणी गाव विचारलं की 'चाकण' म्हणून गप्प व्हायची, माझा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची. आता सगळ्यांदेखत आपल्या बोलीत एवढ्या मोठ्यानं बोलते की मलाच सांगावं लागतं, हळू बोल बाई, मी बहिरी नाही. एवढ्याशा गोष्टीनं माणसाची मान ताठ कशी होते, याचं मला नवल वाटतं. कंद खणून होते का गं मान ताठ?

तर तीच मागे लागली. "आई, आजी कंदाला काय म्हणायची? तिच्याबरोबर जाणारी तू एकटीच उरलीयस. तुला नाही आठवलं तर संपलंच." मी जायचे हे खरं, पण तू पाठमोरी असायचीस. मला दिसते ती तुझी पाठ, घामानं चिकटलेलं लुगडं आणि बाजूला पडलेली पहार. एकदा मी डोकं फेकून दिलं होतं तेव्हा तू मातीच्या हातानंच लगावलीस, "पुढच्या साली काय दगड खाशील?" ते चांगलं आठवतं. पुटपुटणं आठवत नाही. आत्याला विचारलं, तुझ्या नणंदेला. ती म्हणाली, "तुझी आय? शिव्या द्यायची! पहारीला दगड लागला की अशा शिव्या, खाली वाडीत ऐकू यायच्या, डोंगरानं कान झाकावंत." नात म्हणाली, "आज्जे, शिव्या कशा शिकवायच्या पोरींना?" "मी शिकवते की. बस हितं."

गेल्या रविवारी पोरी मला आणि आत्याला वर घेऊन गेल्या, मला, करून दाखव म्हणाल्या. महाळुंग्याच्या कँटीनात मी रोज पोत्यानं भाजी चिरते, शेंडा उडवायचा आणि बादलीत टाकायचा, हाताला तीच सवय. कंद निघाला, केवढा निघाला, आणि मी विळ्यानं त्याचं डोकं उडवून खाली भिरकावलं. आत्या ओरडली, "अगं ए कँटीनवाले, डोंगर हाय ह्यो, तुझी बादली न्हाई!" मग मी करवंदीच्या जाळीत शिरले, हात ओरबाडून घेतले, ते डोकं शोधलं, खड्ड्यात ठेवलं. माती लोटताना माझाच राग आला होता, आणि तोंडातून निघालं, "चुकलं गं बाय. रुसू नको, परत ये."

मागून तुझी नात म्हणाली, "हेच ना? आजी हेच म्हणायची ना?" डोळे असे केलेले की मी नुसती मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाही सांगता येणार नाही. मग एकेक पोर खड्ड्याशी येऊन वाकली आणि तेच म्हणाली. एकीनं मोबाईलमध्ये घेतलं. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग मिश्री लावायला लागली. तिला कळलं का? की तिलाही तेच खरं वाटलं?

तुझं खरं बोलणं मला अजून हवं आहे. देवाला सांगायचीस, की कंदाला, की माझ्या बापाच्या नावानं खडे फोडायचीस? की नुसती धाप लागलेली असायची आणि मीच इतकी वर्षं ते बोलणं समजत आले? काहीही असेल तरी पोरींना आता ते मिळणार नाही, त्यांना माझं मिळालं. हा कागद लेकीच्या हाताला लागायच्या आत चुलीत घालणार आहे. तुला तेवढं सांगते, त्या पोरी वाकून माझं बोलणं तुझं म्हणून बोलत होत्या, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला फार बरं वाटलं.