खाबी खाच्छे

१ जून, सकाळी ६
सासरेबुवा मोतीबिंदू काढायला कलकत्त्याला गेले. जाताना म्हणाले, जामाईषष्ठीला जावयाला जेवू घालायला परत येतो, तोवर माशांचं जिरं जगलं तर नर्सरीचं तळं तुमचं. नाहीतर निताईचं. तीन लाख रोहू, एकेक पापणीच्या केसाएवढा. निताई इथला जुना गडी. बिचारा! अकरा वर्षं नैहाटीत घरजावई आहे मी. बंगाली तर आता स्वप्नातसुद्धा बोलतो.

२ जून
निताईचा हिशेब असा: मोहरीची पेंड आणि कोंडा, दोन डबे सकाळी, दोन संध्याकाळी. ढग आले तर तेही बंद. कंजूष मेला. आमच्या साताऱ्यात पाहुण्याला अर्धपोटी उठवत नाहीत. संकल्प: दोनाचे चार.

५ जून
पाणी हिरवंगार. व्हिटॅमिन! निताई म्हणतो, तळाशी पेंड सडतेय, वास मारतोय. जळतो, दुसरं काय. केयानेही त्याचीच बाजू घेतली. बायको आहे की वकील? अबोला धरला. जेवणापुरता सोडला.

७ जून
ढगाळ. उठायला उशीर. दोन्ही वेळचं एकदम घातलं. उद्यापासून पाचचा अलार्म.

८ जून, पहाटे ५.१०
अलार्मने नाही, निताईने उठवलं. सगळी पिल्लं वर आलेली, तोंडं उघडून, माझ्याकडे बघत! ओळखतात मला. निताई घसा फोडून सांगत होता, "जामाईबाबू, खाबी खाच्छे, खाबी खाच्छे!" खाबी म्हणजे खाशील, खाच्छे म्हणजे खातायत. शेंबडं पोरही सांगेल. त्याला पंप लावून ताजं पाणी सोडायचं होतं. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. म्हटलं, तोंड उघडं आहे म्हणजे भूक लागलीय, आधी जेवण, मग पाणी. दहा डबे ओतले.

८ जून, सकाळी ९
जेवून सुस्तावलेत. काठाला पांढरी साय धरलीय. निताई पायरीवर बसून रडतोय. एवढा बाप्या माणूस, लाज नाही.

९ जून
साय कुजली. सासऱ्यांना सांगायची कारणं: हवामान. मुळात जिरंच नाजूक. निताईची नजर. तिसरं जास्त पटेल. फोनवर तेच सांगितलं. केया मागेच उभी होती. असू दे.

१२ जून, जामाईषष्ठी, दुपारी ४
सासरे काळा चष्मा लावून हजर. आल्या आल्या मला पाटावर बसवलं. म्हटलं, सुटलो. सासूबाईंनी पंख्याने वारा घातला, ताट मांडलं. लुची, हिलसा, कोळंबी, मटण, आंबे, दही. ताट रिकामं झालं की सासरे म्हणायचे, वाढ. चौथ्या खेपेला श्वास अडकला. मान वर करून नुसतं तोंड उघडत-मिटत होतो.

केया दारातूनच म्हणाली, "हे बघा, याला म्हणतात खाबी खाणं. जीव गुदमरला की."

निताई शेजारच्याच पाटावर होता. सासऱ्यांनी पंपाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली, त्याच्या ताटाशेजारी ठेवली. मग सासूबाईंकडे वळले.

"वाढ जावईबापूंना अजून. तोंड उघडं आहे, म्हणजे भूक लागलीय."

त्यांनी वाढलं.