दादाच्या कॉइलला किती वॉट

१८ ऑगस्ट २०२०, मंगळवार. ट्रुगानिना

सिगारेट सुटावी म्हणून दादाने व्हेप, म्हणजे बॅटरीवर वाफ देणारी सिगारेट घेतली. लॉकडाउनमध्ये त्याच्या कॉइल, म्हणजे आत तापणाऱ्या तारेची वेटोळी, मीच घरी वळते. काल रेझिस्टन्स मोजून चाळीस वॉट लावले आणि द्रव शोषून धरणारा आतला कापूस जळाला. दादा खोकत म्हणाला, "इंजिनीअरबाई, यापेक्षा सिगारेट बरी!" मागच्या अंगणात जाऊन एक ओढलीच त्याने.

गणित बरोबर होतं. मग चुकलं काय? त्याचा झुरका. सिगारेटच्या सवयीने तो लांब ओढतो, तेवढ्यात कापूस कोरडा पडतो. ते मी धरलंच नव्हतं.

आज पंधरापासून सुरुवात केली, दोन-दोन वॉट वाढवत. जळकं लागतंय? नाही. आता? नाही. तेविसावर म्हणाला, "बस. आता हात लावू नकोस."

चहानंतर तो अंगणात गेला नाही. मी तशीच दुसरी कॉइल वळायला घेतली.