पापुद्र्याचं दुसरं टोक

पास्तो, २ मार्च १७४३

पोचलो एकदाचा. कितोहून अकरा दिवस खेचराच्या पाठीवर काढले, आता उभ्यानेच जेवावं लागतंय. पण उस्ताद अंब्रोसिओ बोतिनांचं घर पाहिलं आणि शीण उतरला. पुढे अंगण, मग कारखान्याची मोठी खोली, तिला लागून एक आतली काळोखी खोली. स्वयंपाकघरात चुलीमागे खाण्यासाठी पाळलेले, उंदरासारखे गुबगुबीत कुई चींचीं करत हिंडतात, त्यांतलाच एक आज माझ्या स्वागताला भाजला. उस्ताद सत्तरीचे, विधुर आणि तोंडाने फटकळ. कितोत मी वीस वर्षं संतांच्या मूर्तींचे गाल रंगवले हे ऐकून म्हणाले, इथे कुंचला गुंडाळून ठेवायचा आणि सकाळी दात स्वच्छ करून यायचं. मीही विधुरच. माझी नऊ वर्षांची तोमासा कितोत मठातल्या भगिनींकडे आहे. बिशपसाहेबांनी करायला सांगितलेल्या लिहायच्या पेटीचं काम नीट पार पडलं की उस्ताद मला मागची खोली देणार, मग तिला आणायचं. त्याचसाठी तर आलो.

९ मार्च

दातांची भानगड कळली. मोकोआच्या रानातून हमाल राळेचे हिरवट गोळे आणतात. गोळा उकळायचा, कुटायचा, तोंडात चघळून मऊ करायचा, रंग कालवायचा. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून हातांनी आणि दातांनी धरून तो ताणत जायचा, इतका पातळ की पलीकडच्याचा चेहरा दिसावा. त्या पापुद्र्यातून फुलं आणि पाखरं कापून ऊब देऊन लाकडावर बसवायची. माझा पहिलाच पापुद्रा टरकन फाटला. उस्ताद म्हणाले, "बाबा रे, राळ ताणतोयस की बायकोशी भांडतोयस?" आणि फाटका पापुद्रा स्वतःच गोळा करू लागले. त्यांच्या समोरचं टोक तीस वर्षं त्यांच्या बायकोने, दोमिंगाने धरलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

२४ मार्च

राळ संपत आलीय. दरड कोसळून रानाची वाट अडली म्हणतात, म्हणून उस्ताद स्वतःच हमालांना शोधायला गेले. जाताना एक गोष्ट दोनदा बजावली. आतल्या खोलीत मडक्यात एक गोळा आहे, तो दोमिंगाने चघळून ठेवलेला शेवटचा, त्याला हात लावायचा नाही. "दुसऱ्याच्या तोंडची राळ तोंडात घेतलीस तर त्याच्याबरोबरच ताणावी लागेल," म्हणाले. म्हाताऱ्याला बायकोची आठवण येते, दुसरं काय.

आता मी पापुद्र्याचं दुसरं टोक आतल्या खोलीच्या चौकटीतल्या खिळ्याला बांधतो. काम जेमतेम होतं.

६ एप्रिल

रोज दुपारी गावामागच्या ज्वालामुखीवरून धुकं उतरतं आणि गल्ली दिसेनाशी होते. चार दिवसांत फक्त शेजारच्या रुफिनामावशीशी बोललो, तेही बटाट्यांबद्दल. काल खिळ्याला म्हणालो, जरा ढील दे. मग रडूच आलं. कितोला निघालेल्या खेचरवाल्याजवळ चिठ्ठी दिली की तोमासाला आत्ताच पाठवा. पेटी पुरी होईपर्यंत मला दम धरवत नाही.

२३ एप्रिल

उस्ताद आले नाहीत. राळ संपली. पेटीचं झाकण अजून अर्धं कोरं आहे, आणि पेटी झाली नाही तर खोली नाही, तोमासाला ठेवू कुठे? शेवटी मडक्यातला गोळा काढला. त्यावर दातांचे ठसे होते, एक दात अर्धा तुटका. मनाशी हसलो आणि चघळला. दोन वर्षांपूर्वीचा गोळा, पण कोमट लागला.

२४ एप्रिल

भर दुपारची गोष्ट. ताणता ताणता टोक खिळ्यावरून सुटलं, पण पापुद्रा खाली पडला नाही. पलीकडून कुणीतरी तो अलगद ताणून धरला होता, माझ्या ओढीला ओढ देत. पापुद्र्यातून पलीकडे बघायचा धीर झाला नाही. काम संपल्यावर दुसरी कड पाहिली. दातांचे ठसे होते. एक अर्धा तुटका.

पळून जायला हवं होतं. गेलो नाही. खरं लिहितो, बरं वाटलं.

२ मे

असे तलम पापुद्रे उस्तादांनीही काढले नसतील. आम्ही सकाळपासून ताणतो. "आम्ही" लिहिलं खरं. कापताना मी तिच्याशी बोलतो, तोमासाबद्दलच बोलतो. तिची वेणी नेहमी डावीकडे कलते, कारण ती मी घालायचो आणि मला धड जमायची नाही, वगैरे.

आज झाकणावर दोन पाखरांच्या मध्ये एक मुलगी चिकटवलेली सापडली. मी कापलेली नाही. वेणी डावीकडे.

९ मे

अंगणाच्या भिंतीवरून रुफिनामावशीला दोमिंगाबद्दल विचारलं. मूलबाळ नव्हतं, म्हणाली. गल्लीतल्या पोरींना बोलावून मांडीवर बसवायची आणि सोडायची नाही, आया येऊन ओढून न्यायच्या. शेवटच्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "एक पोरगी आणून द्या हो मला. कामाला नको. नुसती धरून ठेवायला." तेव्हापासून मावशीने या घरात पाऊल टाकलेलं नाही.

मी काय काय सांगत बसलो होतो तिला. उद्या पहाटेच निघतो, तोमासाला वाटेतच गाठून परत नेतो. पेटी गेली खड्ड्यात.

१० मे

निघता आलं नाही. जाग आली तेव्हा जबडा मिटलेला, दातांवर राळ घट्ट बसलीय. मावशीला हाक मारायला गेलो, घशात नुसता घोगरा आवाज. डाव्या हाताला पापुद्रा चिकटलाय, दुसरं टोक आतल्या खोलीत. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं आहे. उंबऱ्यापर्यंत पोचतो, वरच्या कडीपर्यंत नाही. कडी लावता आली असती तर —

येऊ नकोस, एवढंच तिला सांगायचं आहे.

१२ मे

पात्याने कापून पाहिला. रक्त माझं आलं.

भूक नाही. डाव्या तळहातावरच्या रेषा गेल्या, गुळगुळीत झालाय. ती हळूहळू ओढते, सवयीने — फाटू देत नाही —

१३ मे

आज पापुद्र्यातून पाहिलं. चेहरा नाही, नुसतं तोंड. दाराकडे वळलेलं — वाट बघतंय —

देवा, खेचर पांगळं होऊ दे. पूल वाहून जाऊ दे.

१४ मे

घंटा. गल्लीत खेचरं थांबली.

पावलं अंगणात. तिचीच — धावत —

बाबा म्हणतेय. मी आले म्हणतेय. दारावर थाप. मला ओरडता येत नाही —

वाचता येतं तिला, मीच शिकवलंय. हेच पान फाडून दाराखालून सरकवतो. वाचेल, शेजारच्या घरी पळेल. मोठ्या अक्षरांत, येऊ नकोस म्हणून — उजव्या हाताला पण ओढ — लवकर —

तोमासा आत ये