पाच भोकं म्हणजे ऑपरेशन नव्हे

३ नोव्हेंबर, सोमवार

पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यायला गेलो. चांभार म्हणाला, साहेब, आता भोकं पुरे, पट्टाच नवीन घ्या. या गावात माझं कौतुक करणारा हा पहिला माणूस.

ऑफिसात कौतुक शून्य. सुजय (आमचा क्लार्क, जीभ सैल) फाईल ठेवता ठेवता हळूच विचारतो, सर, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मालगुंडहून काशीआत्याचा फोन. तिने माझ्यासाठी परस्पर नवस बोलून ठेवलाय. जाड होतो तेव्हा कुणी नवस बोललं नाही.

खरी गोष्ट मी, माझी बायको ज्ञानेश्वरी आणि कोल्हापूरचे डॉक्टर एवढ्यांनाच ठाऊक. मे महिन्यात त्यांनी जठराचा बराचसा भाग काढून टाकला. उरलंय ते केळ्याएवढं. ऑफिसात मणक्याचा त्रास सांगितला होता. आता कुणी विचारलं, शेट्येसाहेब, एवढे बारीक कसे झालात, तर मी एकच शब्द सांगतो. संयम. हे खोटं नाही. ऑपरेशनच्या टेबलावर गप्प पडून राहायला संयम लागतोच. शिवाय नाव हरिश्चंद्र असल्यामुळे लोक पुढे विचारत नाहीत.

निश्चय: मारुती मंदिराजवळच्या हॉलमध्ये हाय-इंटेन्सिटी ट्रेनिंगची संध्याकाळची बॅच आहे. उद्यापासून जाणार. ज्ञानेश्वरी म्हणाली, डॉक्टरांनी आधी चालणं वाढवायला सांगितलंय, बाकीचं त्यांना विचारून. तिला समजावलं की डॉक्टर हे सर्वसामान्य पेशंटला सांगतात. ती शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, बरं. पटलेलं दिसतंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बॅच उत्तम. ट्रेनर ऋतिका, लांज्याची मुलगी, आवाज एसटीच्या हॉर्नसारखा. आल्या आल्या विचारलं, सर, शुगर, बीपी, एखादं ऑपरेशन? नाही म्हणालो. दुर्बिणीतून केलेलं आहे. पोटावर फक्त पाच भोकं. पाच भोकं म्हणजे ऑपरेशन नव्हे.

प्रकार असा: थोडा वेळ जीव तोडून व्यायाम, थोडी विश्रांती, परत जीव तोडून. त्यातली विश्रांती मी पूर्ण केली. बर्पी म्हणून एक आहे. जमिनीवर पालथं पडायचं, उठायचं आणि उडी मारायची. पहिला भाग मला लगेच जमला.

शेजारी महिपत भाटकर नावाचा माणूस. मिरकरवाडा जेटीवर बोटींना बर्फ पुरवतो. मे महिन्याआधीचा मी जसा होतो, तसाच. गुडघ्यांना पट्टे, कपाळावर घाम. सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. आदर्श लागतो माणसाला.

५ नोव्हेंबर

जिना उतरता येत नाही. चढताही येत नाही. आज सुट्टीच आहे, त्यामुळे हे नियोजनात बसतं. ज्ञानेश्वरी अंडी उकडून ठेवून गेली. डाएटिशियन म्हणते, प्रोटीन आधी, बाकी नंतर. अंडं बघितलं. फणसपोळी खाल्ली. फणस हे फळ आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लासनंतर महिपतने बाहेरच्या टपरीवर गाठलं. मी एकटा आहे बघून जवळ आला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही हे कसं काय केलंत, जरा सांगा तरी. मी त्याला संयमावर सविस्तर सांगितलं. भूक म्हणजे मनाचा खेळ. जीभ आपली नोकर. वगैरे. चांगलं बोललो. टपरीवाल्यानेही गॅस बारीक केला.

ऐकून घेतल्यावर महिपत म्हणाला, पण साहेब, दुखतं का हो फार?

म्हटलं, दुखतं. सहन करायचं. भूक सगळ्यांनाच दुखते.

तो माझ्या पोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, नाय, तसं नाय, जाऊ दे. आणि गेला. साधा माणूस आहे. थोडा वेळ लागेल त्याला.

१० नोव्हेंबर

एक लक्षात आलं. ऋतिकाने हॉलमध्ये नेमकी माझ्याजवळ एक खुर्ची ठेवलीय. इतर कुणाला खुर्ची नाही. मला पुढेमागे असिस्टंट करायचा तिचा विचार दिसतो. व्यायाम चालू असताना दर थोड्या वेळाने येऊन म्हणते, सर, घोट घोट पाणी, सर, बसा जरा. बाकीच्यांवर नुसती ओरडते.

आज कुणाच्या तरी वाढदिवसाचे पेढे होते. डबा सगळ्यांपुढे फिरला, माझ्यासमोरून न थांबता पुढे गेला. एकाने तर झाकणच लावलं. माझा संयम आता सर्वांना माहीत झाला आहे. (एक पेढा मात्र चालला असता.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्ञानेश्वरी बॅचला आली. कारण विचारलं तर म्हणाली, घरी बसून कंटाळा येतो. दिवसभर पहिलीचा वर्ग सांभाळणारी बाई संध्याकाळी कंटाळते, हे मला नवीन होतं. पण तिला प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. दमलीस की माझ्या खुर्चीत बस, म्हणालो.

ती बसली नाही. बर्पी उडीसकट केल्या. मी खुर्चीतून तिला सूचना देत होतो.

परतताना रिक्षात म्हणाली, अहो, खरं सांगून टाका ना लोकांना, चोरी केलीय का आपण? मी म्हणालो, सांगितलं तर माझ्या कष्टांची किंमत काय राहील? तिने विचारलं, कुठले कष्ट? रिक्षाचा आवाज फार होता, म्हणून उत्तर दिलं नाही.

१८ नोव्हेंबर

वजन महिनाभर जिथल्या तिथे. आज किंचित वर. काटा दमट हवेने बिघडला असावा. किंवा स्नायू वाढले. स्नायू वजनदार असतात असं ऋतिकाच म्हणाली होती, मात्र कुणाबद्दल ते आठवत नाही. केस गळतायत. तो शाम्पूचा दोष.

फणसपोळीचा डबा ज्ञानेश्वरीने कुठे ठेवला ते सापडत नाही.

महिपत दोन दिवस आला नव्हता. आज आला. चेहरा उतरलेला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, साहेब, माझ्यात तुमच्यासारखा संयम नाय हो. मी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, येईल, माझ्याकडे बघत राहा. त्याने मान हलवली. अशा वेळी आपण कुणाच्या उपयोगी पडतोय, याचं समाधान वेगळंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारी सकाळी भाट्ये बीचवर खुलं शिबिर. बाहेरचे लोकही येणार. ऋतिकाला सुचवलं की सुरुवातीला सर्वांसमोर मी वाळूवरची धाव करून दाखवतो, नवीन लोकांना हुरूप येईल. ती म्हणाली, सर, तुम्ही फोटो काढा ना, तुमचे फोटो छान येतात. मी तिला एकही फोटो दाखवलेला नाही. विनय असेल. मी माझ्याकडून तयारी ठेवतो. महिपतसाठी तरी हे करायलाच हवं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यातून आत्ताच घरी. उद्या लिहीन. दोष वाळूचा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजा. जसं झालं तसं लिहितो.

शक्ती यावी म्हणून निघण्यापूर्वी शहाळ्याच्या पाण्यात भरपूर ग्लुकोज कालवून एका दमात प्यालो. डाएटिशियनने साखर वर्ज्य आणि घोट घोट पाणी सांगितलंय, पण ते घरी बसणाऱ्या लोकांसाठी. बीचवर ऋतिका बाकीच्यांना ओळीत उभी करत होती, तेवढ्यात मी पुढे गेलो, सर्वांना हात केला आणि धावलो.

सुरूच्या बनाच्या टोकापर्यंत जायचा बेत होता. एका उलट्या पडलेल्या होडीपर्यंत गेलो. छातीत धडधड, कानात शिट्ट्या, अंगाला गार घाम. होडीला धरायला गेलो तर होडीच लांब गेली. मग पालथा. बर्पीचा पहिला भाग. दुसरा आला नाही.

नंतरचं तुटक आठवतं. ज्ञानेश्वरी माझं नाव घेऊन हाका मारत होती. लग्नानंतर तिने कधीच माझं नाव घेतलेलं नाही. आणि महिपत. त्या माणसाला स्वतःचे गुडघे उचलत नाहीत, त्याने मला उचललं. भुसभुशीत वाळूतून रस्त्यावरच्या रिक्षापर्यंत आणलं. बर्फाची लादी उचलतात तसं, छातीशी धरून. त्याचा श्वास माझ्या कानात भात्यासारखा चालला होता, आणि मध्ये मध्ये म्हणत होता, डोळे उघडे ठेवा साहेब, झोपू नका.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी डोळे मिटून मणक्याचं सांगायच्या तयारीत होतो. त्याआधी ऋतिका घडाघडा म्हणाली, डॉक्टर, सरांचं मे महिन्यात जठराचं स्लीव्ह ऑपरेशन झालंय, सकाळी काहीतरी गोड प्यायलेले आहेत.

मी डोळे उघडले.

डॉक्टरांनी शुगर तपासली. आधी साखर एकदम आत गेली, मग शुगर धाडकन खाली आली, असं म्हणाले. सलाईन लावली. बरंच बोलले. त्यात सर्वसामान्य पेशंट हा शब्द आलाच नाही. गाढव हा शब्द आला, पण तो बहुधा कंपाउंडरला होता.

मी ऋतिकाला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तिने ज्ञानेश्वरीकडे बघितलं. ज्ञानेश्वरी म्हणाली, मी सांगितलं, पहिल्याच संध्याकाळी फोन करून. काय करायला हवं होतं? मी म्हटलं, आणि बॅचला? ती म्हणाली, बॅचलाही हिच्याकडूनच कळवलं, कुणी गोड देऊ नये, कुणी जोर करायला लावू नये म्हणून. तुमच्या तोंडावर मात्र कुणी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ती रडत नव्हती. तिची ओढणी मात्र वाळूने भरली होती आणि ती झटकायचं तिला सुचत नव्हतं.

म्हणजे ती खुर्ची. ते पेढे.

मग दोघी औषधं आणायला गेल्या. महिपत बाकावर बसून गुडघे चोळत होता. वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. म्हणाला, साहेब, तुम्हाला एक विचारू?

त्याने सांगितलं ते असं. त्याची शुगर आवाक्याबाहेर गेलीय. पायाची बोटं बधिर. त्यालाही हेच ऑपरेशन करायला सांगितलंय, याच महिन्याची तारीख मिळाली होती. घरात आई म्हणते, चांगलं पोट कापून घेतोस, उठलाच नाहीस तर? बॅचला माझं कळलं तेव्हा त्याला वाटलं, देवच पावला, ऑपरेशन झालेला माणूस शेजारीच उडी मारतोय. उडी म्हणजे, तो म्हणाला, प्रयत्न करतोय. तुमच्याकडून एवढंच ऐकायचं होतं की माणूस जागा होतो का आणि दुखतं किती. टपरीवर त्यासाठीच आलेलो. तुम्ही संयम सांगितलात. मला वाटलं, एवढा ऑपरेशन झालेला माणूससुद्धा सगळं संयमाने केलं म्हणतो, म्हणजे खोट माझ्यातच. गेल्या आठवड्यात तारीख रद्द केली.

सलाईनचे थेंब पडत होते. मला पुष्कळ काही सुचलं. मनाचा खेळ. जीभ नोकर. ते सगळं सोडलं.

म्हणालो, जागा होतो. आधी घसा दुखतो. मग पोटात, कुशीवर वळताना. मी पहिल्या रात्री आईगं म्हणून ओरडलो, नर्स धावत आली. तीन-चार दिवसांनी कमी होतं. टेबलावर जायच्या आधी मी ज्ञानेश्वरीला म्हणालो होतो, चल घरी जाऊ. तिने हात सोडवून घेतला, म्हणून झालं.

शर्ट वर करून भोकं दाखवली. तो वाकून बघत राहिला. म्हणाला, एवढीशीच?

म्हटलं, एवढीशीच. पण ऑपरेशन आहे ते.

१ डिसेंबर, सोमवार

तब्येत उत्तम. ऋतिकाने मला खास बॅचमध्ये घेतलं आहे. सकाळी, चालण्याची. त्यात आनंदीबाई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि मी. निवडक लोक घेतलेले दिसतात.

महिपतने नवीन तारीख घेतली, १५ डिसेंबर. त्याला मार्गदर्शन ही आता माझी जबाबदारी. कोल्हापूरला सोबत येतो म्हणालो. तो म्हणाला, वहिनी आल्या तर बरं होईल. तिची शाळा आहे, म्हणालो. तो म्हणाला, रजा मिळते का विचारा की.

मिळाली.

९ डिसेंबर

ऑफिसात सुजयने रिपोर्टचं विचारलं. ठरवून खरं सांगितलं. ऑपरेशन झालं, जठर काढलं, संयम वगैरे काही नाही. तो बघतच राहिला. मग म्हणाला, सर, असं काय, मणक्याचं असेल तर मणक्याचं सांगा ना. विश्वास बसला नाही. काशीआत्याला फोन केला, तिला ऐकू कमी येतं. नवस वाढवला.

अंडं खाल्लं. रोज खाणार. आजचं अर्धं.

१५ डिसेंबर, सोमवार

ज्ञानेश्वरीचा कोल्हापूरहून मेसेज: झालं, जागा आहे, आईशी बोलला.

घरात इकडून तिकडे बऱ्याच फेऱ्या मारल्या. व्यायाम म्हणून.

१८ डिसेंबर, गुरुवार

महिपत फोन करणार असं कळलं होतं. काय बोलायचं ते कालच पक्कं केलं. धीर, शिस्त, नवं आयुष्य. मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला, व्हिडिओ कॉल असेल म्हणून.

फोन आला. साधा होता. महिपतचा आवाज बारीक. म्हणाला, साहेब, बोलवत नाय फार. एकच सांगा. आता वरणाचं गाळलेलं पाणी देणार म्हणतायत. कसं लागतं?

सगळं भाषण बाजूला ठेवलं. अनुभवी माणसाने अशा वेळी धीर द्यायचा असतो. म्हणालो, छान लागतं. कितीतरी दिवसांनी जेवल्यासारखं वाटतं. डोळ्यांत पाणी येईल बघ.

फोन ठेवला. कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला.

साहेब, घाण लागतं. खरं काय ते वहिनींना विचारतो.