पुलापलीकडची जागा

मी, ऑस्मंड थिओडोर ग्रुबर, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार हार्लो, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मी या राज्याचा गव्हर्नर होतो त्या चार वर्षांत असा दाखला कोणी मागितला नाही. मागायला हवा होता. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. हार्लोचे घर, त्यातील सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती मुलगी कॉर्लिस हिला द्यावे. उत्तरेकडच्या खोलीचे छत गळते, हे तिला आधी सांगावे.

२. सुतारकामाची सर्व हत्यारे शेजारी हॅल्व्हर न्युबो याला. याने मला जन्मात मत दिले नाही आणि तसे तोंडावर सांगितले. "ऑझी, रंधा तू झकास मारतोस, भाषणं तेवढी करू नकोस," म्हणायचा. खरे बोलणारा तेवढा एकच मतदार मला भेटला. मोठा रंधा अकरा वर्षांपूर्वी नेला तो त्याने परत केलेला नाही. आता करूही नये.

३. कायद्यावर सही करताना एकेका अक्षराला वेगळे पेन वापरायचे आणि ती पेने भोवती उभ्या असलेल्यांना वाटायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मी शेकडो वाटली. घेताना सगळ्यांचे दात दिसत. माझी पत्नी आयडेला गेली तेव्हा त्यांतले सहा जण आले. उरलेल्या पेनांचा खोका तळघरात आहे, तो कचऱ्यात टाकावा. विधानभवनातल्या माझ्या तैलचित्राचे काय करायचे ते सरकारने पाहावे. त्यातला माणूस माझ्या ओळखीचा नाही.

४. माझा त्या काळचा उपगव्हर्नर डार्विन पेटिग्रू याला मी काहीही देत नाही. कारण लिहून ठेवतो.

आमच्या राज्यात गव्हर्नरने हद्द ओलांडली की तो परतेपर्यंत उपगव्हर्नर हाच गव्हर्नर, सहीच्या अधिकारासकट. हद्द म्हणजे टॅमरॅक नदी, आणि पुलाच्या मधोमध रंगवलेला पांढरा पट्टा. जून १९६१ मध्ये कॉर्लिसचे लग्न पलीकडे वेस्टब्रुकला होते. मी चार तास गेलो. लहान गावांतली इस्पितळे बंद करण्याचे विधेयक माझ्या टेबलावर होते आणि मी ते फेटाळणार, हे शिपायालासुद्धा ठाऊक होते. डार्विनने त्या चार तासांत त्यावर सही ठोकली. मी जाब विचारला तर हसला. "अरे, तू तिकडे केक खात होतास. कारभार कोणीतरी बघायला नको?"

महिन्याभरात हार्लोच्या इस्पितळाला कुलूप लागले. मुदत संपेपर्यंत पूल ओलांडायचा नाही, अशी मी शपथ घेतली. नातू झाला, त्याचे फोटो पाहिले.

५. फेब्रुवारी १९६३ मध्ये आयडेलाची छाती भरली. हार्लोला इस्पितळ उरले नव्हते, म्हणून तिला वेस्टब्रुकला नेले. गाडीत बसताना म्हणाली, "तुझं ते पाण्याचं आटोपलं की ये. घाई नाही." कोल्ड क्रीक या ओढ्याचे पाणी खाणवाल्यांना देण्याचे विधेयक कोणत्याही क्षणी टेबलावर येणार होते. मी खुर्चीला चिकटून बसलो. कॉर्लिसचा फोन आला. "डॅडी, एक पूल ओलांडायचाय हो, समुद्र नाही!" मी म्हटले, "अजून दोन दिवस, बेटा." एकदा गाडी घेऊन पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. दोन दिवसांनी आयडेला गेली. विधेयक मी फेटाळले. आठवड्याभरात सभागृहाने माझा नकार धुडकावून तेच पुन्हा मंजूर केले.

६. हे कॉर्लिसला ठाऊक नाही. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात फोनवरच्या निरोपाची एक चिठ्ठी आहे. अक्षर माझ्या सेक्रेटरीचे. "पेटिग्रूंचा फोन. ते वेस्टब्रुकला मिसेस ग्रुबरांजवळ बसले आहेत. तुम्ही भेटून जाईपर्यंत हलणार नाहीत. या म्हणतात."

डार्विनही पलीकडे असला की अधिकार सभापती बॅन्ब्रीकडे जात होता, आणि तो मला विचारल्याशिवाय नाकसुद्धा शिंकरत नसे. मी बिनघोर जाऊ शकलो असतो. पण चिठ्ठी वाचून मी म्हणालो, "मला दूधखुळा समजतो काय हा!" आणि ती खणात टाकली. खरे-खोटे करायला एक फोनही केला नाही. पट्ट्यावरून मागे फिरलो तेव्हा ती वाचून चोवीस तास झाले होते.

डार्विन तीन दिवस तिच्या उशाशी होता. अंत्यविधीच्या वेळी कॉर्लिसने ते सांगितले आणि विचारले, "डॅडी, तुम्हाला हे माहीत असतं तर आला असतात ना?" मी मान डोलावली. त्या मानेवर विश्वास ठेवून ती सव्वीस वर्षे दर थँक्सगिव्हिंगला टर्की घेऊन येते. वेस्टब्रुकच्या दफनभूमीतली आयडेलाशेजारची जागा कॉर्लिसच्या नावावर आहे, ती तिने माझ्यासाठी राखली आहे. मला ती जागा फार हवी आहे. पण खोटे बोलून नको.

म्हणून माझ्या वकील मिस फाल्क यांनी जमीन खणण्यापूर्वी हे कलम आणि ती चिठ्ठी कॉर्लिसच्या हाती द्यावी. ती हो म्हणाली तर मला पुलापलीकडे न्यावे. नाही म्हणाली तर हार्लोत पुरावे, आणि तिच्याशी कोणी हुज्जत घालू नये.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे मिस फाल्क म्हणतात. तेव्हा डार्विनला बोलावण्यात अडचण नव्हती. माझ्यादेखत त्याने सही करावी, एवढी एक हौस राहिली होती. तो काठी टेकत आला, सहावे कलम दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

"चिठ्ठी मिळाली होती तुला?"

"हो."

"आयडेला दारावर गाडी वाजली की विचारायची, ऑझी आला का बघ."

त्याने चष्मा पुन्हा लावला. मग तो म्हणाला, "दे पेन."

हे मी त्याच्या परवानगीने इथे नोंदवले आहे.

सही: ऑस्मंड टी. ग्रुबर
साक्षीदार: १. डार्विन पेटिग्रू २. लॉरेटा फाल्क, वकील
स्थळ: हार्लो
दिनांक: १४ ऑक्टोबर १९८९